सोंगाड्यावरचा खटला

चांगला चित्रपट कोणता यावर आपल्याकडे फारसे भांडण होत नाही. ज्याला जो आवडला त्याचे नाव तो घेतो आणि विषय संपतो. भांडण पेटते ते भिकार चित्रपट कोणता यावर. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या प्रवासात, कोर्टाच्या बाररूममध्ये हा विषय निघाला की मराठी माणसाच्या तोंडी एक नाव हमखास येते, ते म्हणजे दादा कोंडके. अश्लील, ग्राम्य, थिल्लर, पाचकळ ही विशेषणे सातबाऱ्यावर बोजा चढवावा तशी त्यांच्या नावावर चढलेली आहेत. हा निकाल केवळ सदाशिवपेठी समीक्षकांनी दिलेला नाही. परिवर्तनवादी चळवळीतले अनेक ज्येष्ठ कार्यकर्तेही तोच निकाल देतात. निकाल एकच, पण दोन्हीकडची कारणे अगदी वेगळी. असे झाले की वकिली पेशातल्या माणसाला संशय येतो. दादा जाऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला. तेव्हा हे प्रकरण एकदा मुळापासून तपासायला हरकत नसावी.

आम्ही ज्या कुरुंद्यातून हे लिहीत आहोत, ते वसमत तालुक्यातले गाव मराठी वाचकांना ठाऊक आहे ते नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे. कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ चा. त्यानंतर चोवीस दिवसांनी, ८ ऑगस्ट १९३२ रोजी, मुंबईत नायगावला एका गिरणी कामगाराच्या घरात कृष्णा कोंडके जन्मले. एकाने भरताच्या नाट्यशास्त्राची चिकित्सा केली, दुसऱ्याने ते न वाचता जन्मभर लोकांना हसवले. दोघांची तुलना करण्याचा आमचा इरादा नाही. परंतु नाट्यशास्त्राकडे आम्हाला पुढे यायचे आहे, म्हणून ही नोंद.

कोंडके कुटुंब मूळचे भोरजवळच्या इंगवलीचे. पोटासाठी मुंबईत आलेल्या हजारो घाटी कुटुंबांपैकी एक. नायगाव म्हणजे गिरणगाव. तिथल्या बीडीडी चाळींत खेड्यातली गावकी सोडून आलेले आमचे कामगारही राहत होते. गिरणीच्या आत जात सुटलेली नव्हती. कांडीचा दोरा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, हा इतिहास वाचकांना माहीतच आहे. मात्र गिरणी सुटल्यावर नाक्यावरचा गणपतीचा मेळा, शाहिरी, भजनाची बारी, तमाशाचा फड हे सगळे जवळजवळ आणि एकमेकांच्या कानावर पडत होते. या गदारोळात कृष्णाचा दादा झाला. तरुणपणी आपण मारामाऱ्यांत सोड्याच्या बाटल्या फेकल्या, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगून टाकलेले आहे. पुढे अपना बाजारमध्ये नोकरी, हौसेने बँडपथक आणि तिथून राष्ट्र सेवा दलाचे कलापथक असा प्रवास झाला. सेवा दलाने त्यांना महाराष्ट्र दाखवला. कोणत्या गावात कोणत्या शब्दाला लोक हसतात, हे तिथेच त्यांना कळले असावे.

वसंत सबनीसांनी लिहिलेले 'विच्छा माझी पुरी करा' हे १९६५ चे वगनाट्य दादांच्या आयुष्यातले वळण ठरले. मूर्ख राजा, खुर्चीवर डोळा ठेवलेला कोतवाल, आणि त्यांची टर उडवणारी साधी माणसे. दादा त्यात रोज सकाळच्या वर्तमानपत्रातले घालत आणि मंत्र्यासंत्र्यांना टोले हाणत. हजाराहून अधिक प्रयोग झाले. इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या जो वग उघड्या माळावर उभा केला, त्याला तमाशा म्हणत आणि घरातल्या बायकांना तिकडे फिरकू देत नसत. तोच वग शहरातल्या बंद नाट्यगृहात सबनीसांच्या लेखणीतून आला तेव्हा त्याचे नाव लोकनाट्य झाले आणि डॉक्टर-प्राध्यापक सहकुटुंब जाऊन बसले. मालकी बदलली की मालाची प्रतवारीही बदलते. सबनीसांवर किंवा दादांवर आमचा राग नाही. परंतु अश्लीलतेच्या वादातला पहिला पुरावा म्हणून ही गोष्ट आम्ही दाखल करीत आहोत.

भालजी पेंढारकरांनी १९६९ च्या 'तांबडी माती'त दादांना पडद्यावर आणले. दोन वर्षांनी, १९७१ मध्ये, दादांनी स्वतः निर्माता होऊन 'सोंगाड्या' काढला. दिग्दर्शन गोविंद कुळकर्णींचे, लेखन सबनीसांचे. आईच्या धाकात वाढलेला भोळसट नाम्या तमाशा पाहायला जातो, कलावतीवर जीव लावतो, आई घराबाहेर काढते आणि तमाशाच्या फडात त्याला आसरा मिळतो. गुडघ्यापर्यंतची चड्डी, तिची लोंबणारी नाडी, आणि आये म्हणून मारलेली हाक. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाने ठरलेली तारीख बाजूला सारून देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' चालू ठेवला, तेव्हा दादांनी बाळ ठाकरे यांच्याकडे धाव घेतली. शिवसैनिक थिएटरवर गेले आणि 'सोंगाड्या' लागला. ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. म्हणजे या चित्रपटाच्या दर्जाचा पहिला निवाडा समीक्षकाने केला नाही, थिएटर मालकाने केला, आणि तो रस्त्यावर उलटवला गेला.

त्यानंतर जे घडले ते मराठी चित्रपटात पूर्वी घडले नव्हते. 'सोंगाड्या', 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार', 'तुमचं आमचं जमलं', 'राम राम गंगाराम', 'बोट लावीन तिथं गुदगुल्या', 'ह्योच नवरा पाहिजे' आणि १९८२ चा 'आली अंगावर' असे ओळीने नऊ चित्रपट पंचवीस आठवडे चालले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. 'एकटा जीव सदाशिव' आला ते १९७२ साल म्हणजे दुष्काळाचे साल. दिवसभर सरकारी कामावर खडी फोडणारा माणूस रात्री तंबूतल्या टॉकीजमध्ये मातीवर बसून हे चित्रपट पाहत होता. आमच्या भागातली मोठी जत्रा म्हणजे लोहा तालुक्यातल्या माळेगावची. तिथे जनावरांचा बाजार, तमाशाचे फड आणि तंबूतला सिनेमा शेजारी शेजारी लागत. जातीची रांग पाण्याला होती, तिकिटाला नव्हती. तंबूत सगळे एकाच शब्दाला एकाच वेळी हसत. या हसण्याला समीक्षकांनी बाजारू म्हटले. लाखो लोक हसत असतील तर ते लोकच हलक्या अभिरुचीचे, असा हा युक्तिवाद.

आता नाट्यशास्त्र. या ग्रंथाच्या सुरुवातीला अशी कथा आहे की, वेद शूद्रांच्या कानावर पडता कामा नयेत, म्हणून सर्व वर्णांसाठी नाट्य हा पाचवा वेद निर्माण झाला. ही कथा मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. शेवटची कथा मात्र कौतुकाने सांगितली जात नाही. भरताच्या पुत्रांनी ऋषींची नक्कल करणारे ग्राम्य प्रहसन केले. ऋषी संतापले आणि त्यांनी शाप दिला की तुम्ही शूद्र व्हाल आणि तुमच्या वंशात जे जन्मतील तेही शूद्रच होतील. वाचकांनी हे नीट पाहावे. चावट विनोद केला, मोठ्यांची टर उडवली, आणि शिक्षा काय तर जात! दंड नव्हे, हद्दपारी नव्हे. अश्लीलतेबद्दल आपल्या देशात दिलेला हा फार जुना निकाल आहे आणि तो वर्णव्यवस्थेच्या भाषेत दिलेला आहे. दादांच्या चित्रपटांना ग्राम्य म्हणणाऱ्याला ही कथा ठाऊक असण्याची गरज नाही. शब्द तोच वापरला जातो, एवढे पुरे आहे.

कायद्याचा इतिहास याहून फार निराळा नाही. १८६८ साली इंग्लंडमध्ये हिकलिन प्रकरणात अश्लीलतेची कसोटी ठरली. ज्यांची मने बिघडू शकतात अशांच्या हाती हे पडले तर काय होईल, हा तिचा गाभा. साहेबाने कपाटात ठेवलेले पुस्तक चालते, दोन पैशांची चोपडी मजुराच्या हाती पडली की समाज बुडतो, असा तिचा व्यवहारातला अर्थ झाला. मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याच्या, म्हणजे रणजित उदेशी यांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली हीच कसोटी स्वीकारली. ती बाजूला सारून समाजाच्या समकालीन मापदंडांची कसोटी लावायला २०१४ चे अवीक सरकार प्रकरण उजाडावे लागले. समाजाचे मापदंड म्हणजे कोणत्या समाजाचे, हा प्रश्न आमच्यासारख्यांनी विचारायचाच आहे. दादांची पद्धत या सगळ्या कायद्याला चकवणारी होती. त्यांच्या वाक्यात आक्षेपार्ह शब्द सापडत नसे. शब्द सरळ, अर्थ दोन. सेन्सॉरच्या टेबलावर ते निरागस चेहऱ्याने पहिला अर्थ सांगत आणि दुसरा अर्थ समोरच्याच्या डोक्यातून आला असे सुचवत. उलटतपासणीत साक्षीदाराला असे कोंडीत पकडणारे वकीलही थोडे असतात.

आता आम्ही दुसऱ्या एका चित्रपटाला साक्षीला बोलावतो. 'सोंगाड्या'नंतर एका वर्षाने, १९७२ मध्ये, व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' आला. मूळ कल्पना १९३० च्या 'ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटातली. आदर्श शिक्षक गावातून तमाशा हटवतो, मग त्याच तमाशातल्या नर्तकीच्या नादाने बरबाद होतो. गाव त्याला मेलेला समजून त्याचा पुतळा उभारते आणि शेवटी स्वतःच्याच खुनाबद्दल तो फासावर जातो. छायाचित्रण देखणे, संगीत अप्रतिम, डॉ. श्रीराम लागूंचा अभिनय जबरदस्त. मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यात कुठेही चावट शब्द नाही असे नाही, पण अश्लील म्हणून त्याची ओळख कधीच झाली नाही.

परंतु हा चित्रपट सांगतो काय? तमाशा हा पिंजरा आहे, त्यातली बाई हे आमिष आहे आणि सभ्य माणूस ही शिकार आहे. शतकानुशतके पाटील, इनामदार आणि पेशव्यांच्या सरदारांनी ज्या बायकांना नाचवले, त्यांच्याच माथी पुरुषाच्या अधःपतनाचे खापर फोडले जाते. ती बाई कोणत्या जातीतून आली, तिला शाळा का मिळाली नाही, हे त्या आदर्श गुरुजींना शेवटपर्यंत पडलेले नाही. उलट ज्याला भिकार म्हणतात त्या 'सोंगाड्या'त कलावतीचा फड हे बेघर नाम्याचे घर होते. गुरुजी फडात गेले की नासतात, नाम्या फडात गेला की माणसांत येतो. दोन्ही चित्रपट एका वर्षाच्या अंतराने आले, दोन्ही तमाशावर, आणि दर्जाची माळ कोणाच्या गळ्यात पडली हे आपल्यासमोर आहे. 'पिंजरा' कलेच्या दृष्टीने टाकाऊ आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो चांगला बनवलेला आहे आणि म्हणूनच अधिक घातक आहे, असे आमचे मत आहे.

इथपर्यंत दादांची बाजू झाली. आता आपल्या घरातला आक्षेप ऐकला पाहिजे. चळवळीतली जुनी माणसे दादांच्या चित्रपटांना नावे ठेवतात ती भरताच्या ऋषींसारखी नाहीत. त्यांच्यामागे आंबेडकरी जलशांची परंपरा आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचाच साचा घेतला. ढोलकी ठेवली, सोंगाड्या ठेवला, हजरजबाबी संवाद ठेवले. त्यातला देवाचा गण काढला आणि कृष्णाने गवळणींची वाट अडवून केलेली छेडछाडही काढली. हसवणे सोडले नाही. भट, सावकार, तलाठी यांच्यावर लोक पोट धरून हसत. बाईच्या अंगावरचा विनोद मात्र वर्ज्य केला. यामागे कारण होते. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी वाघ्या, मुरळी, जोगतिणी, देवदासी यांची सभा घेतली आणि कामाठीपुऱ्यातले लाजिरवाणे जिणे सोडून द्यायला सांगितले होते. ज्या समाजातल्या मुली देवाच्या नावाने सोडल्या जात होत्या, त्या समाजाला द्वयर्थी विनोद ही गंमत वाटू शकत नव्हती. चित्रपटातली नायिका संध्याकाळी घरी जाते, फडावरची बाई जात नाही. सोज्वळपणाचे सोंग आणणाऱ्यांच्या आक्षेपापेक्षा हा आक्षेप कितीतरी वजनदार आहे, आणि दादांच्या बाजूच्या मंडळींनी त्याचे उत्तर कधी दिलेले नाही.

या मापाने मोजले तर दादांचे सगळे चित्रपट एका गोणीत भरता येत नाहीत. १९७५ चा 'पांडू हवालदार' घ्या. तो आला ते आणीबाणीचे साल. पोलिसाच्या गणवेशाची इतकी खिल्ली त्या काळात दुसऱ्या कोणी उडवल्याचे आम्हाला आठवत नाही. हप्ते खाणारा, घाबरट, पण मनाने वाईट नसलेला हा हवालदार मराठी भाषेत सामान्यनाम होऊन बसला. फौजदारी न्यायालयात आमचे आयुष्य चालले आहे, तिथल्या व्हरांड्यात आजही हे नाव ऐकू येते, अर्थात पोलीस जवळपास नसताना. त्यातली उषा चव्हाण यांची केळेवाली पारू हातगाडी लावून पोट भरते, हवालदाराला शब्दाला शब्द देते, त्याच्यापुढे वाकत नाही. तिथे विनोद दोघांत होतो. तो तिच्यावर होत नाही.

पुढे हे पारडे फिरले. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक परत गेलेच नाहीत. लालबागच्या भारतमातासमोर ज्यांची रांग लागायची तो प्रेक्षकच उद्ध्वस्त झाला. रजत महोत्सवांची मालिका त्याच वर्षीच्या चित्रपटावर थांबली हा निव्वळ योगायोग आम्हाला वाटत नाही. १९८४ च्या 'तेरे मेरे बीच में'पासून दादा हिंदीत उतरले. भाषा बदलल्यावर गावाकडचा वाह्यातपणा गेला, त्यातली माया गेली, उरली ती कोटी. 'मुका घ्या मुका', 'पळवापळवी', 'येऊ का घरात', 'सासरचं धोतर', 'वाजवू का' ही नावेच पाहा. पूर्वी नाव चावट असे, पण चित्रपटात गोष्ट असे. आता नाव हाच चित्रपट झाला. पूर्वी हसणे हवालदाराचे, सरपंचाचे, शहाण्याचे होत होते. आता नायिका कोटी टांगण्याची खुंटी झाली. ६ डिसेंबर १९९१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत हीन भावना चाळवणाऱ्या द्वयर्थी शब्दांना मनाई आहे. दादांनी त्यानंतरही चित्रपट काढले आणि ते प्रदर्शितही झाले. यावरून कायद्याचा धाक किती होता ते दिसते.

राजकारणाचाही मुद्दा येतो. 'सोंगाड्या'च्या वेळी झालेले उपकार दादांनी फेडले. ते शिवसेनेच्या प्रचाराला गेले, सभा गाजवल्या. मराठवाड्यातल्या वाचकाला याचे शल्य वाटणे स्वाभाविक आहे. ज्या १९७८ साली 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' चालत होता, त्याच साली नामांतराच्या ठरावानंतर आमच्या वस्त्या जळाल्या. पुढे शिवसेनेने नामांतराला विरोध केला. दादांनी त्या व्यासपीठावर उभे राहताना याचा विचार केला असेल असे दिसत नाही. हा त्यांच्यावरचा आरोप खरा आहे. पण तो माणसावरचा आरोप आहे, १९७१ च्या चित्रपटावरचा नाही. दोन गुन्ह्यांची दोषारोपपत्रे वेगळी असतात.

दादा १४ मार्च १९९८ रोजी हृदयविकाराने गेले. अनिता पाध्ये यांनी शब्दबद्ध केलेल्या 'एकटा जीव' या आत्मकथनात त्यांनी आपले एकटेपण आणि आपली भांडणे काही न झाकता सांगितली आहेत. त्यांच्यानंतर चार वर्षांनी, जानेवारी २००२ मध्ये, तमाशाचा खरा फड आयुष्यभर ओढलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर गेल्या. राष्ट्रपती पुरस्कार गाठीशी, आणि शेवटचे दिवस हलाखीचे. आता त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. एकाच कलेच्या दोन टोकांना उभी असलेली ही दोन माणसे, आणि पडद्यावर तमाशा भिकार की चांगला हे ठरवताना विठाबाईंना कोणी विचारल्याचे आम्हाला माहीत नाही.

आमचा निकाल आम्ही असा लावतो. 'सोंगाड्या'पासून 'राम राम गंगाराम'पर्यंतच्या चित्रपटांची अश्लीलतेच्या आरोपातून मुक्तता. १९८४ नंतरच्या बहुतेक चित्रपटांवर दोष सिद्ध, पण आरोप ग्राम्यतेचा नव्हे, बाईच्या अवमानाचा. 'पिंजरा'वर नव्याने गुन्हा नोंदवावा अशी शिफारस. या निकालावर आमच्याच घरात अपील दाखल झाले आहे. गावातल्या जुन्या कार्यकर्त्यांना 'सोंगाड्या'ही मान्य नाही. महिला मंडळातल्या भगिनींना 'पांडू हवालदार' पूर्ण मान्य आहे, आणि 'पिंजरा'बद्दल त्या आमच्याहून कडक आहेत. तरुण पोरे 'फँड्री' आणि 'सैराट' पाहून मोठी झालेली. त्यांना हा सगळा वादच म्हाताऱ्यांचा वाटतो. १९८२ चा 'आली अंगावर' कोणत्या बाजूला टाकायचा यावर मात्र कोणाचेच एकमत नाही. त्याची सुनावणी पुढच्या तारखेला ठेवली आहे.